दिलेला नंबर

“ती टोपी उचल तिथनं.”

आण्णांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता, तर तो सोसणे संयोगितेला कदाचित सोपे गेले असते! खंडेनवमीची सकाळ होती. देवघरासमोरच्या पाटावर, झेंडूच्या माळेच्या वेढ्यात, दरवर्षीप्रमाणे घरातली सारी हत्यारे विसावली होती... नेसरीच्या शेतातला कोयता, कधीच विकून टाकलेल्या ट्रकचा पितळी भोंगा, चाके उघडायचा तो थोरला पाना. आणि त्यांच्या शेजारी दोन काळ्या टोप्या. एक धाकट्या सम्राटची, विमानाच्या उजव्या खुर्चीत बसणाऱ्या सहवैमानिकाची. दुसरी, जिच्या कडेवर सोनेरी पाने भरलेली होती ती, कॅप्टन संयोगितेची.

“अवो, सणाच्या दिवशी असं काय बोलायचं?” कुंकवाची वाटी हातात धरून उभ्या असलेल्या चिमणाबाई कळवळून म्हणाल्या. “मी मांडलीया ती. तिनं न्हाय मांडली. मीच मांडतो की दरसाल!”

“सण हाय म्हणूनच सांगतोय. देवापुढं हत्यार मांडायचं ते हातातलं. हिनं आपल्या हातानं खाली ठेवलं ते. आनि नुसतं ठेवलं असतं तर मी काय बोललो नसतो. चारचौघांना दिलेला शबूद मोडून ठेवलं. फितुराची टोपी माझ्या पाटावर न्हाय.”

फितूर! हा शब्द उच्चारायला जितका सोपा, तितकाच तोलायला कठीण. आणि ज्याच्यावर तो पडतो त्याने तो तोलून दाखवण्याचा प्रयत्न केला, तर ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. म्हणून संयोगितेने काहीच तोलले नाही. ती पुढे झाली, वाकली, आणि आपली टोपी तिने स्वतःच्या हातांनी पाटावरून उचलली... इतक्या हळुवारपणे, की झेंडूचे एक फूलही जागचे हलले नाही.

“सम्राट, पूजा तू कर,” आण्णा म्हणाले.

या घरात पूजेचा मान वयाला नव्हता, आणि पुरुषपणालाही नव्हता. जो सर्वांत मोठे वाहन चालवील, त्याने हत्यारे पुजायची, ही सयाजीरावांची म्हणजे आण्णांची स्वतःची रीत. ट्रक विकला त्या वर्षी त्यांनी पंचपात्र लेकीच्या हाती दिले, तेव्हा भावकीतल्या कोणी तरी नाक मुरडले होते, आणि आण्णांनी त्याला भर ओसरीवर ऐकवले होते, “जी हाकती, ती पुजती. तुला येतंय का विमान हाकायला? मग बस गप.” त्याच आण्णांच्या तोंडून आज...

सम्राट पाटावर बसला. बहिणीकडे त्याने पाहिले नाही. पाण्याचा थेंब सोडताना त्याचा हात मात्र कापला. आणि तो कंप, टोपी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या संयोगितेला, एवढ्या अपमानातही, स्पष्ट दिसला. वैमानिकाचा हात असा कापू नये, असे तिच्या मनात आले. आपला अपमान झाला, हे त्यानंतर आले!

*

वाहतूक हा या घराचा व्यवसाय होता, असे म्हणणे अपुरे होईल; तो या घराचा कुळाचार होता. आण्णांच्या वडिलांनी बैलगाडीतून भात वाहिले, आण्णांनी कोल्हापुरी गुळाचे रवे ट्रकमध्ये रचून गुजरातेत पोचवले, आणि त्यांच्या लेकीने आकाशातून माल वाहिला. माणसे नव्हेत, माल! लसींच्या पेट्या, यंत्रांचे सुटे भाग, गुलाबांचे गठ्ठे, एकदा तर खोक्याखोक्यांतून चिवचिवणारी कोंबडीची पिल्ले. प्रवासी उतरताना वैमानिकाला हसून निरोप देतो. मालाला तोंड नसते. गाव झोपलेले असताना उडायचे, गाव उठण्यापूर्वी उतरायचे, आणि ज्याच्या घरी सकाळी औषध पोचले त्याला आपले नावही कळू द्यायचे नाही, या निनावी श्रमात संयोगितेची उमेदीची वर्षे गेली, आणि ती गेल्याचा तिला क्षणभरही विषाद नव्हता. गल्लीतले टवाळ तिला ‘आभाळातली टेम्पोवाली’ म्हणत, तेव्हा आण्णा छाती काढून उत्तर देत, “व्हय की! टेम्पोच हाय. फकस्त तुझ्या टेम्पोला पंख न्हाईत, एवढंच!”

पुढे सम्राटही बहिणीच्या पावलावर पाऊल ठेवून ‘गगनवाह’ कंपनीतच लागला. त्याचा मित्र सोमेशही त्याच तुकडीत. सोमेश गडहिंग्लजच्या सिद्धाप्पांचा मुलगा. ज्यांच्या अडतीवरचा गूळ आण्णांनी वर्षानुवर्षे वाहिला, तेच हे सिद्धाप्पा.

आणि मग माल गेला! ज्या बड्या व्यापारी कंपनीच्या मालावर गगनवाहची निम्मी विमाने उडत होती, तिने आपले वाहतुकीचे कंत्राट एका परदेशी ठेकेदाराला देऊन टाकले. त्याची विमाने भाड्याची, वैमानिकही भाड्याचे. बोली अर्थातच स्वस्त. गगनवाहने जाहीर केले की वैमानिक कमी करावे लागतील. ज्येष्ठतेची यादी होती. जो शेवटी आला तो प्रथम जाईल, असा या धंद्याचा सर्वत्र चालणारा नियम होता. आणि यादीच्या तळाशी होते सम्राट आणि सोमेश.

वैमानिकांच्या संघटनेने ठराव केला: कोणीही स्वेच्छेने जायचे नाही. राहतील तर सारे, जातील तर सारे! तो ठराव मांडला होता संघटनेच्या चिटणीसांनी, म्हणजे संयोगितेनेच. तिचे त्या दिवशीचे भाषण सम्राटने फोनवर आण्णांना ऐकवले, तेव्हा तरुणपणी ट्रकवाल्यांच्या संपात लाठ्या खाल्लेल्या त्या म्हाताऱ्याने मार्केट यार्डात जाऊन चहा वाटला होता.

...आणि फाल्गुनात, धरणे ऐन भरात असताना, स्वेच्छेने नोकरी सोडण्याच्या कागदावर पहिली सही झाली ती संयोगितेची!

का झाली? जगाला एवढेच दिसले की ती कंपनीच्या मुख्य वैमानिकांना, म्हणजे चीफ साहेबांना भेटायला आत गेली आणि सही करून बाहेर आली. आत काय घडले, ते तिच्या हृदयाखेरीज फक्त त्या एका माणसाला ठाऊक होते. तो माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता. “कॅप्टन,” तो म्हणाला होता, “तुम्ही धरणे धरा, संप करा, कोर्टात जा. माल परत येणार नाही. माल नाही तर विमाने उभी, आणि उभ्या विमानांना वैमानिक लागत नाहीत. सोमवारी मी यादीच्या तळापासून नावे काढणार आहे.”

संयोगिता मनाशी हिशेब मांडीत होती. ठराव उदात्त होता. पण ज्याच्या रक्षणासाठी तो केला, तेच मुळी निघून गेले होते. घडलेला वैमानिक बाहेर पडला, तर निदान वैमानिक म्हणून बाहेर पडतो. पण ज्याचे उड्डाणाचे तास अजून भरलेले नाहीत, असा अर्धाकच्चा सहवैमानिक एकदा रस्त्यावर आला, की त्याला कोणी घेत नाही. भट्टीतून लवकर काढलेल्या भांड्यासारखा तो जन्मभर कच्चाच राहतो... तिने मान वर केली आणि विचारले होते, “एका कॅप्टनची खुर्ची रिकामी झाली, तर तळाच्या किती खुर्च्या राहतील?”

“दोन. एका कॅप्टनच्या पगारात दोन सहवैमानिक बसतात.”

“मग दोन ठेवा. तळाच्या दोन. आणि हे आपल्या दोघांतच राहील.”

कोणी विचारील, की मग हे लपवले कशाला? उत्तर अवघड नाही. सम्राटला कळले असते, तर त्याने त्याच क्षणी नोकरी लाथाडली असती; तिच्याच रक्ताचा तो! आणि सहकाऱ्यांना कळले असते, तर चिटणीसबाईंनी भावासाठी सौदा केला, असा डाग त्या पोराच्या कपाळी कायमचा बसला असता. डाग कोणाच्या तरी कपाळी बसणारच होता; तिने आपले कपाळ पुढे केले.

आणि डाग खोटा तरी कुठे होता? तिच्या सहीनंतर आठवड्याच्या आत ठराव कोसळला; एकामागून एक ज्येष्ठ आत जाऊन सह्या करून आले. सम्राट आणि सोमेश राहिले, तेव्हा धरण्यावरच्या मुलांनी गुलाल उधळला की आपल्या लढ्याने निदान दोघांना वाचवले! सम्राटचीही तीच समजूत झाली. त्या दिवशी त्याने फोनवर बहिणीला म्हटले होते, “आम्ही लढून टिकलो, ताई. तू विकून सुटलीस.”

तेव्हापासून या घरात आईखेरीज तिच्याशी सरळ कोणी बोलले नव्हते. आण्णा जेवताना चिमणाबाईंना म्हणत, “तिला सांग, भात वाढून घ्यायला.” एका वैमानिक-प्रशिक्षण संस्थेने तिला शिकवायला बोलावले होते; पण जिच्या शब्दाला किंमत उरली नाही तिने पोरांना काय शिकवावे, या विचाराने तिने ते निमंत्रण तसेच राहू दिले होते. तरीही... सुट्टीवर आलेला सम्राट आईला सांगू लागे, की आसामात आडव्या वाऱ्यात विमान कसे अलगद टेकवले, आणि भिंतीपलीकडे तांदूळ निवडणाऱ्या संयोगितेचा ऊर अभिमानाने असा भरून येई, की हातातले सूप खाली ठेवावे लागे! त्या क्षणी तिला वाटे, आपण काहीच गमावलेले नाही.

*

जेवणाची पाने मांडली जात होती. रस्सा उकळत होता, चिमणाबाई डोळे पुसत भाकरी थापत होत्या, आणि इतक्यात दारात हाक आली, “आक्का हाईत का घरात?”

सोमेश होता. खांद्यावर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची छोटी पिशवी, आणि चेहरा असा, जणू रस्ताभर कोणाशी तरी भांडत आला असावा.

“ये रे!” सम्राट उठला. “गडहिंग्लजहून सकाळी सकाळी? आनि ही रस्सा खायची येळ साधून आलास, पर तुझ्या पानात वरणच पडायचं, लिंगायताच्या!”

सोमेश हसला नाही. तो सम्राटला ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला, तांदळाची पिशवी त्याने संयोगितेच्या पायाशी ठेवली, आणि तिला काही कळायच्या आत तो तिच्या पायांवर आडवा झाला.

“सोमेश! ऊठ. हे काय चाललंय?” संयोगिता मागे सरकली. तिच्या लक्षात आले. “ऊठ, आधी जेवून घे. मग बोलू. सोमेश... मी सांगते ना!”

“न्हाय आक्का. आज तुमी गप बसायचं, आनि मी बोलायचं.” तो गुडघ्यांवर उठून बसला. “आपले चीफ साहेब परवा रिटायर झाले. जाताना मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दोन पोरं ज्या खुर्च्यांत बसलीत त्या कुणी रिकाम्या करून दिल्या, हे त्यांना ठावं न्हाय, आनि हे ओझं घेऊन मला घरी जायचं न्हाय. एका कॅप्टननं आपली खुर्ची दिली, आनि तिच्या बदल्यात दोन मागून घेतल्या. माझी... आनि ह्याची.”

सम्राट ताडकन पुढे झाला.

“खोटं हाय!” सम्राट ओरडला. “आपण धरण्यावर बसलो म्हणून ठेवलं आपल्याला! उन्हातान्हात बसलो आपण!”

“बसलो की. मीबी बसलो. पर धरणं मोडलं कवा? आक्कांनी सही केल्यावर. मोडलेल्या धरण्याला भिऊन कुठली कंपनी माणसं ठेवती, सम्राट? आनि आपल्याला ठेवायच्या कागदावर तारीख कुठली? साहेबांनी दावला मला. ज्या दिवशी आक्का आत गेल्या, त्याच दिवसाची! आपण गुलाल उधळला रं... ह्यांच्या नावानं शिव्या देत गुलाल उधळला आपण!”

सम्राट भिंतीला टेकला. त्याने बहिणीकडे पाहिले. कित्येक महिन्यांत प्रथमच, सरळ तिच्या डोळ्यांत! त्या डोळ्यांनी नाकारले असते, तर त्याने त्या नकारावर आनंदाने विश्वास ठेवला असता. पण संयोगितेला खोटे बोलता येत नव्हते. तिला फक्त गप्प राहता येत होते.

“ताई...” “मी तुला काय काय बोललो... आनि तू ऐकून घेतलंस? एकदा तरी थोबाडीत मारायचीस मला!”

“मारली असती, तर का मारली ते सांगावं लागलं असतं,” संयोगिता म्हणाली.

“मी उद्या राजीनामा देतो. तुझ्या खुर्चीवर बसून मला विमान उडवायचं न्हाय. न्हाय म्हणजे न्हाय!”

हेच! याच एका वाक्याच्या भयाने तिने तोंड मिटून घेतले होते. खुर्ची गेली होती, मान गेला होता, बापाचे बोलणे गेले होते. ज्याच्यासाठी हे सारे गेले, ते आता हा वेडा आपल्या हाताने फेकून देणार होता...!

“सम्राट, तू असं केलंस तर माझं सगळंच...”

“गप बस, सम्राट.”

आण्णा पानावरून उठले होते. ते लेकीच्या समोर येऊन उभे राहिले, आणि महिनोन्‌महिन्यांनी प्रथमच, मध्ये कोणालाही न घालता, तिला म्हणाले,

“तू नंबर दिलास.”

संयोगितेने मान खाली घातली.

“आण्णा, नंबर कसला?” सोमेशने गोंधळून विचारले.

आण्णा खांबाला टेकून खाली बसले. आवाज त्यांच्या नेहमीच्या दणक्यात निघत नव्हता. “आमच्या ट्रान्सपोर्टात गाड्या रांगेनं उभ्या असायच्या, पोरा. ज्याचा नंबर येईल त्यानं माल भरायचा. कवा कवा आठ-आठ दिस नंबर लागायचा न्हाय. पर मागच्या एखाद्याच्या घरात अडचण आसली, की फुडचा गडी नंबर लावणाऱ्या मुनशीच्या कानात सांगायचा, माझा नंबर त्याला द्या. आनि आपली गाडी गुमान मागं घ्यायचा. देणाऱ्यानं सांगायचं न्हाय, घेणाऱ्यानं इचारायचं न्हाय. हिचा जलम झाला तवा मी वापीला अडकलोतो. चिमणी हितं मरायला टेकल्याली. आनि माझा नंबर लई मागं. तर सकाळी मुनशी म्हणाला, सयाजी, भर गाडी. कुणी दिला तो नंबर, आजपतोर मला ठावं न्हाय. त्याच्यामुळं मला बायकोचं त्वांड दिसलं, लेकीचं त्वांड दिसलं...”

त्यांनी कपाळावर मूठ मारून घेतली.

“सगळी हयात त्या रांगेत काढली मी. आनि माझ्याच घरात, माझ्याच लेकीनं नंबर दिला, तर मला वळखू आला न्हाय! युनियनचा शबूद मोडला, एवढंच दिसलं मला. गाडी मागं कशापायी घेतली, हे मी... मी इचारलंबी न्हाय!”

“विचारायचं नसतंच ना, आण्णा,” संयोगिता त्यांच्यापाशी बसली. “मी सातवीत असताना तुम्ही मला एकदा गाडीतून नेलं होतंत. आपला नंबर आला होता. दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. आणि तुम्ही गाडी मागं घेतलीत. माझी जत्रा चुकली. मी वाटभर रडले, पण तुम्ही कारण सांगितलं नाहीत. मला ते पुढं कळलं, मोठी झाल्यावर.”

“कवा? कुणाला दिलता मी?” आण्णा खरोखरच आठवू लागले. त्यांना आठवेना.

संयोगिता हसली. त्या हसण्याबरोबर तिच्या डोळ्यांतून इतके दिवस अडवलेले पाणी घळघळा वाहू लागले. “पण आण्णा, एक ऐका. तुमचं बोलणं सगळंच चुकीचं नव्हतं. शब्द मी दिला होता आणि मीच मोडला. माझ्यामागून बाकीचे मोडले, त्याला मी कारण आहे. त्या माणसांपुढं मी एक दिवस उभी राहीन. मला फितूर म्हणायचा त्यांना हक्क आहे. तो मी नाकारणार नाही. तुम्हीही मला निर्दोष ठरवू नका.”

“न्हाय ठरवत,” आण्णा म्हणाले. “ते तुझं तू निस्तर. निस्तरशील, माझी लेक हाईस. मी फकस्त बाप म्हणून माझं निस्तरतोय.” आणि त्यांनी आपल्या खरबरीत तळव्याने लेकीचे डोळे पुसले... कसे पुसायचे ते ठाऊक नसलेल्या माणसासारखे, जोर लावून.

मग त्यांनी सम्राटकडे मान वळवली. “आनि तू. राजीनामा म्हणं! घेतल्याला नंबर माघारी फिरत न्हाय, येड्या. तू फिरवलास, तर तो तिला मिळणार हाय व्हय? मुनशी तिसऱ्याच्या गळ्यात घालतोय. बसलास न्हवं त्या खुर्चीत? मग माल पोचव. येळंवर पोचव, कोरडा पोचव, न मोडता पोचव. नंबराची फेड असती ती तेवढीच.”

“आनि तो परदेशी ठेकेदार उद्या उरलेला मालबी घेऊन गेला तर?” सम्राट रडतच म्हणाला.

“तर तवा बघू. तवर हातात हाय तो माल तुझा.”

सम्राट बहिणीपुढे आला. पाया पडायला वाकला, आणि वाकताच कोसळून तिच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ती त्याच्या केसांतून हात फिरवीत राहिली. चिमणाबाईंनी दाराआडून सारे ऐकले होते. त्या बाहेर आल्या, चौघांकडे एकेकदा पाहिले, आणि एवढेच म्हणाल्या, “माझी भाकरी करपली तुमच्या भांडणात. आता तशीच खावा!”

त्या दिवशी पहिले पान संयोगितेचे वाढले गेले. आण्णांनी ते स्वतः वाढले. ताटात आधी मीठ वाढतात हेही त्यांना ठाऊक नव्हते, आणि कोणी त्यांना सुचवायलाही गेले नाही.

*

दसऱ्याच्या दुपारी सम्राट आणि सोमेश निघाले. दोघांनाही त्या रात्री उड्डाण होते. दारात संयोगितेने भावाच्या खांद्यावरच्या पट्ट्या सारख्या केल्या. सांगायचे खूप होते. पण वैमानिकाने वैमानिकाला सांगावे असे जे एकच असते, तेवढे तिने सांगितले. “माल नीट बांधलाय का, ते स्वतः आत जाऊन बघ. दुसऱ्याच्या सांगण्यावर दार लावू नकोस.”

“व्हय, कॅप्टन,” तो म्हणाला. त्याचा आवाज कापला. हात मात्र कापला नाही, हे तिने टिपून घेतले.

रिक्षा वळणाआड गेली, तशी ती आत येऊन आईला म्हणाली, “त्या शिकवायच्या जागेला मी उद्या होकार कळवते.” चिमणाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी आण्णा धोतर-फेटा चढवून ओसरीवर उभे राहिले. “चल,” ते लेकीला म्हणाले. गेले कित्येक महिने ते तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेले नव्हते. ती विचारीत राहिली की कुठे, आणि ते चालत राहिले.

दसरा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शमीची पूजा आटोपली होती, आपट्याच्या पानांसाठी एकच झुंबड उडाली होती, आणि गर्दीच्या कडेला, दरवर्षीच्या ठरलेल्या जागी, मार्केट यार्डातली जुनी ट्रकवाली मंडळी उभी होती. याच मंडळींसमोर आण्णांनी लेकीच्या भाषणाचा चहा वाटला होता; आणि याच मंडळींसमोर जायचे त्यांनी पुढे टाळले होते. त्यांच्यात सिद्धाप्पाही होते. मुलाने त्यांना काय सांगितले असेल, ते त्यांच्या डोळ्यांवरूनच कळत होते. आपट्याची पाने घेऊन ते आण्णांकडे आले.

“सयाजीराव, सोनं घ्या.”

आण्णा एक पाऊल बाजूला सरले. “आज माझा न्हाय, आप्पा. नंबर हिचा हाय.”

या एका वाक्याचा अर्थ त्या म्हाताऱ्या ट्रकवाल्यांना समजावून सांगावा लागणार नव्हता. पांढऱ्या मिशांच्या एकाने डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्याने नाक ओढले आणि तोंड फिरवले. सिद्धाप्पा संयोगितेपुढे झुकू लागले. ती दचकून पुढे झाली, त्यांना झुकू न देता तिनेच आधी त्यांच्या पायांना हात लावला.

“आप्पा, तुम्ही वडील...”

“वयानं, तंगी, वयानं,” सिद्धाप्पा म्हणाले. कानडीतून धाकट्या बहिणीला मारावी तशी हाक त्यांनी मारली, आणि पाने तिच्या ओंजळीत ठेवली. मग एकामागून एक ते सारे म्हातारे आले. कोणी काही विचारले नाही. विचारायचे नसतेच! तिची ओंजळ भरली, पदर भरला. तरी पाने येतच राहिली.

ती रडेल, असे आण्णांना वाटले होते. ती रडली नाही. तिची मान ताठ होती. नोकरी गेलेल्या, संघटनेने धिक्कारलेल्या, आता तरण्या पोरांना लहान विमाने हाकायला शिकवायला निघालेल्या त्या बाईची मान इतकी ताठ, की पोटभर वारा प्यालेले विमान धावपट्टी सोडण्याआधी क्षणभर जसे दिसते, तशी ती त्या गर्दीत दिसत होती.

परतीच्या वाटेवर रेटारेटी वाढली. पुढे पाहुण्यांचा एक जथा वाट अडवून सोने वाटत उभा होता. आण्णांनी लेकीला आपल्या मागे घेतले, दोन्ही हात फैलावले, आणि ट्रकच्या भोंग्यालाही लाजवील अशा, संबंध चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते गरजले,

“ओ पावणं! सरका की जरा बाजूला... वाट द्या! माझ्या कॅप्टन येत्यात!”